पाठीवरची बाज : मुक्कामाला काय अंथरावं?

(खुटबाव इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. बाज पाठीवर घेऊन डोंगर चढायचा म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड झालं, असं कुणीतरी म्हणालंही. म्हणणं खोटं नाही. पण ती बाज आता सव्वा किलोची झाली आहे, दुमडून दप्तराच्या पिशवीत मावते, आणि आपल्या गावातली पोरं शनिवार-रविवारी किल्ल्यांवर जायला लागल्यापासून आम्हाला हाच प्रश्न वारंवार विचारला जातो: ती घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली? म्हणून आज त्यावर बोलू.

बाहेर झोपणं ही काही ट्रेकवाल्यांचीच गोष्ट नाही. रात्रपाळीची वीज आली की मोटारीपाशी पडून राहणारा शेतकरी बाहेरच झोपतो. उसाच्या फडाकडेला कोपीत राहणारी तोडकरी कुटुंबं, मेंढरांबरोबर फिरणारा धनगर, आषाढीच्या वाटेवरचा वारकरी, हे सगळे जमिनीलगत झोपतात. त्यांचा विचार केल्याशिवाय या विषयाला अर्थ नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. आपली सुंभाची बाज आठवा. चार पाय, चार गाते, मध्ये ताणलेला सुंभ. सैल पडला की पायथ्याकडची दोरी ओढून पुन्हा ताठ करायचा. हलकी कॅम्पिंग कॉट म्हणजे तीच बाज, फक्त लाकडाच्या जागी ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या आणि सुंभाच्या जागी पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं कापड. दोन लांब नळ्या कापडाच्या कडांतून ओवायच्या आणि खालून धनुष्यासारखे वाकलेले पाय अडकवायचे. तो बाक सरळ व्हायला बघतो, म्हणून कापड ताणलं जातं. लांबी साधारण सहा फूट, रुंदी दोन फूट, उंची जेमतेम पाच-सहा इंच. ही उंची लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाजारात ढोबळमानाने तीन थर आहेत. हेलिनॉक्स किंवा थर्मारेस्ट यांच्या सगळ्यात हलक्या कॉट बाराशे-तेराशे ग्रॅमच्या आसपास असतात आणि त्यांची किंमत पाच आकडी असते. त्याच धर्तीच्या स्वस्त कॉट दोन ते अडीच किलोंच्या. तिसऱ्या, फौजी पद्धतीच्या, कात्रीसारख्या पायांच्या, पाच किलोंपासून पुढे. तिसरा प्रकार टेम्पोत टाकायचा, पाठीवर नाही.

आता हिशेब करू, कारण वजनाच्या बाबतीत उत्साह कामाचा नाही. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं दिवसभर वागवू नये, असा डोंगरात फिरणाऱ्यांचा रुळलेला आडाखा आहे. साठ किलोचा माणूस धरा, म्हणजे ओझं बारा किलो. तीन लिटर पाण्याचे तीन किलो गेले. आपल्या सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर टाक्यांतल्या पाण्याचा भरवसा नसतो, त्यामुळे त्यात काटछाट नाही. शिधा दीड किलो. तंबू दोघांत वाटून सव्वा. स्लीपिंग बॅग एक किलो दोनशे. कपडे आणि रेनकोट दीड. चूल-भांडी एक किलो. बॅटरी, औषधं, दोरी असं किडूकमिडूक पाऊण. रिकाम्या सॅकचेच दीड किलो. बेरीज झाली अकरा किलो सातशे. उरले किती? तीनशे ग्रॅम. एवढ्यात फोमची पातळ मॅट बसते. सव्वा किलोची कॉट बसत नाही.

म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: दोन दिवसांच्या, खड्या चढाच्या ट्रेकला कॉट नेऊ नका. नेणारच असाल तर काय मागे ठेवणार ते आधी ठरवा, आणि ते पाणी नसू द्या. भुलेश्वरासारख्या ठिकाणी, जिथे यवतहून गाडीरस्ता वरपर्यंत जातो, किंवा धरणाकाठी जिथे गाडीपासून अर्धा तास चालायचं आहे, तिथे खुशाल न्या. आणखी एक, किल्ल्यावर किंवा अभयारण्यात मुक्कामाला परवानगी आहे का हे निघण्याआधी विचारा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तू साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्तच खुल्या असतात.

पण लोक कॉट घेतात ते पाठीच्या आरामासाठी नव्हे. विचारलं की दहातले आठ जण म्हणतात, "साप-विंचवाची भीती वाटते हो, जरा उंचावर झोपलेलं बरं." हा मुद्दा महत्त्वाचा आहे, यावर थोडं थांबू.

भीती अनाठायी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातली बहुतेक खेड्यांतली. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप तुम्हाला ठाऊक आहेत: नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार. झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने यातली मण्यार वेगळी. ती निशाचर आहे. उंदीर, पाली, दुसरे साप यांच्या मागावर घरात, गोठ्यात, अंथरुणात येते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, दातांच्या खुणा नीट दिसत नाहीत. माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. घरच्यांना वाटतं पित्त झालं. तेवढ्यात वेळ निघून जातो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, असं दिसलं तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन लावा. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिक, यातलं काहीही नको. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत कैक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत. वेळेत आलेला माणूस प्रतिविष आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास यांवर वाचतो, ही गोष्ट आपल्या भागाला नवी राहिलेली नाही.

आता सांगा, पाच-सहा इंच उंचीची कॉट मण्यारीला अडवेल? सापाला एवढं डोकं वर उचलायला काहीच लागत नाही. झोपेत आपला हात काठावरून खाली लोंबतो, पांघरुणाचं टोक जमिनीला टेकतं, तीच तिची शिडी. दीड-दोन फूट उंचीची घरची बाज बरीच बरी, पण भिंतीला टेकलेली असेल किंवा चादर खाली लोळत असेल तर तिथेही तेच. खरं रक्षण करते ती मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका फारच कमी आढळला. दोनशे-तीनशे रुपयांची जाळी, जी आपण डासांसाठी घेतो. अट एकच, ती जमिनीपर्यंत मोकळी सोडायची नाही, तर मॅटच्या किंवा गादीच्या खाली चारी बाजूंनी खोचायची. मोकळी सोडलेली जाळी हा परकर झाला, खालून कुणीही आत येतं.

आणि तुम्ही चेन लागणाऱ्या, तळ शिवलेल्या तंबूत झोपणार असाल तर? मग साप-विंचू तंबूनेच बाहेर ठेवले आहेत. आत कॉट टाकून सुरक्षेत काही भर पडत नाही. फक्त चेन शेवटपर्यंत ओढा आणि बूट आत घ्या. सकाळी ते घालण्याआधी झटका. विंचवाचं घर बुटात असतं हे आजीने सांगितलेलं आहेच.

मग कॉटचा खरा उपयोग कुठे? ओल्या जमिनीवर, दगडधोंड्यांवर आणि उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यात खालून वारा खेळतो तेव्हा कॉटवर जी झोप लागते ती मॅटवर नाही. पण हाच वारा डिसेंबरात वैरी होतो. आपल्याकडे तेव्हा पहाटे पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. स्लीपिंग बॅग ऊब धरते ती तिच्या फुगीर भरणातल्या हवेमुळे. पाठीखाली तो भरण दबून चपटा होतो, आणि खालून वाहता वारा उरलीसुरली ऊब घेऊन जातो. म्हणून थंडीत कॉटवर मॅट टाकावीच लागते. झालं की नाही ओझं दुप्पट? जमीन गार असते खरी, पण निदान ती वाहत नाही.

मॅट घेताना तिच्यावरचा आर-आकडा बघा. आकडा मोठा तितकी ऊब जास्त. पूर्वी ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी होती. २०१८ मध्ये अमेरिकेत एक समान प्रमाण ठरलं आणि २०२० पासून नावाजलेल्या कंपन्या त्यानुसार आकडा छापतात. आपल्या हवेला दोनच्या आसपासचा पुरतो. हिमालयात जायचं तर चारच्या पुढचा. आणि धनगराची घोंगडी विसरू नका. जड आहे, पण ओलसर झाली तरी ऊब देते. मोटारीवर झोपणाऱ्याला तिच्याइतकं चांगलं अंथरूण आम्हाला ठाऊक नाही.

कॉट घ्यायचीच ठरवली असेल तर दुकानात काय बघायचं? पहिलं म्हणजे छापलेलं वजन मानू नका. पिशवी आणि जादा पाय धरून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. दुसरं, तिच्यावर झोपा. उताणे नाही, कुशीवर. कुशीवर झोपल्यावर खांद्याशी आणि कमरेशी कापड किती खाली जातं, मधला आडवा पाय बरगडीला टोचतो का, ते कळतं. रुंद खांद्यांच्या माणसाला कडेची नळी रात्रभर दंडाला लागते. नायलॉन दमट हवेत थोडं सैलावतं, पॉलिएस्टर कमी. पावसाळ्यात वापरणार असाल तर पॉलिएस्टर बघा. तिसरं, स्वतः जोडून बघा. शेवटचा पाय बसवताना बरीच ताकद लागते, काहींना त्यासाठी तरफ दिलेली असते. अंधारात, गार बोटांनी हे जमेल का, हा प्रश्न दुकानातच विचारा.

पायांचंही बघा. आपल्या काळ्या रानात पाऊस पडला की बारीक पाय लोण्यात सुरी जावी तसे रुततात, मग कॉटचं पोट जमिनीला टेकतं. खाली फळीचे तुकडे किंवा चपटे दगड ठेवा. कातळावर उलटं होतं, एक पाय अधांतरी राहतो आणि रात्रभर डगडग. तंबूत कॉट टाकणार असाल तर पायांखाली जुन्या मॅटचे तुकडे घाला, नाहीतर तळाला भोक पडलंच समजा. तंबूची रुंदीही मोजा. दोघांच्या तंबूचा तळ साधारण सव्वाशे-एकशेतीस सेंटिमीटर असतो. दोन फुटांच्या दोन कॉट त्यात घासून बसतात आणि छप्पर नाकाशी येतं.

गुडघेदुखीवाल्यांना एक सांगायचं राहिलं. पाच इंचांच्या कॉटवरून उठणं जमिनीवरून उठण्याइतकंच कठीण आहे. तुम्हाला खुर्चीच्या उंचीची, जड कॉट हवी. ती ट्रेकला नाही, पण वारीला चालेल, कारण वारीत सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं.

वारीचं गणितच निराळं. तुकोबांची पालखी लोणी काळभोर करून यवतला येते, काळभैरवनाथाच्या देवळात मुक्काम करते, यवतकरांचं पिठलं-भाकरी होतं आणि दुसऱ्या दिवशी वरवंड. म्हणजे आपल्या दारातूनच. तिथे ओझ्याचा प्रश्न नाही, जागेचा आहे. राहुटीत माणसाला माणूस लागून झोपतं. एक कॉट टाकली की तिच्याभोवतीची जागा वाया जाते आणि शेजारचा पावसात जातो. आजारी किंवा फार वय झालेल्यांपुरती दिंडीत एखाद-दुसरी उंच कॉट असावी. बाकीच्यांनी जाड मेणकापड, त्यावर फोमची मॅट, त्यावर चादर. मेणकापड कडेला चार बोटं वर दुमडून घ्या, वाहतं पाणी आत शिरत नाही. आणि जमलं तर एक-एक जाळी. दिंडीचालकांनी जाळ्या घाऊक घेतल्या तर फार खर्च येत नाही.

आता प्रश्न.

झाडाला बांधायचा झोळा चालेल का, असं विचारलंय. चालतो, वजनालाही हलका, अर्ध्या-पाऊण किलोत होतो. पण दोन दणकट झाडं योग्य अंतरावर हवीत, आणि आपल्या बहुतेक किल्ल्यांच्या माथ्यावर कारवी आणि गवत असतं. कारवीला माणूस टांगता येत नाही. बुरुजाच्या दगडाला किंवा तोफेला दोर बांधू नका, एवढी विनंती. थंडीत त्यालाही खालून वारा लागतोच.

दुसरा प्रश्न मोटारीवर झोपणाऱ्यांचा आहे, आणि बिबट्याचा. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या आहे हे तुम्ही आम्हाला सांगायला नको. कॉट काय, बाज काय, उघड्यावरचं कुठलंच अंथरूण त्याच्यापुढे टिकत नाही. त्याला दारच हवं. मोटारीपाशी पत्र्याची का होईना, कडी लागणारी खोली करा. खोलीच्या मध्यभागी, भिंतीपासून वीतभर लांब, नायलॉन पट्टीची जुनी बाज. तिच्यावर चारी बाजूंनी खोचलेली जाळी. उशाशी बॅटरी, पायथ्याशी बूट. धान्याची पोती त्याच खोलीत ठेवू नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे मण्यार. रात्री बाहेर पडायचं तर एकटं नको, बोलत-बोलत, आधी बॅटरीचा झोत टाकून मगच पाऊल. यासाठी सव्वा किलोची परदेशी कॉट लागत नाही. घरात माळ्यावर टाकलेली बाज उतरवा आणि पट्टी नवी भरून घ्या.