मशीनला गार पाणी का चढत नाही?



बेण्या-खताच्या चौकशीबरोबर हल्ली हाही प्रश्न येतो. कपडे धुण्याचे मशीन घूं-घूं करते, पण गार पाणी आत येत नाही. अशा वेळी बहुधा बिघाड नसतो, कचरा असतो.

नीरा डाव्या कालव्याखाली, बारामती-इंदापूर पट्ट्यात पुष्कळ विहिरींचे पाणी क्षारयुक्त. ठिबकच्या फिल्टरवर जी पांढरी खपली धरते, तीच मशीनच्या मागे नळी जोडतो तिथल्या बारीक जाळीवर धरते. प्लग काढा, तोटी बंद करा, नळी सोडवा. जाळी पकडीने हलकेच ओढून जुन्या टूथब्रशने घासा. खपली निघत नसेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा. अन्‌ जाळी परत बसवाच! काहीजण ती फेकून देतात. मग वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि मशीन बंद असतानाही पाणी आत गळत राहते. ठिबकचा फिल्टर काढून टाकणारे शहाणे आपल्याकडे आहेतच.

जाळी स्वच्छ असेल तर टाकीची उंची बघा. १० फुटांना दाब जेमतेम ०.३ किलो पडतो. बऱ्याच मशीनना किमान तेवढा लागतो.

आवाजच येत नसेल तर दोष विजेचा. तिथे हात घालू नये, मिस्त्री बोलवावा.