नमुना सर्वांना, किल्ली मोजक्यांना

समजा, मोर्शीच्या संत्रा बागायतदारांसाठी ॲप तयार होतंय. एक प्रोग्रामर मोर्शीत घरून काम करतो, बाकीची टीम पुण्यात. डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस सेवेची किल्ली असं सगळं ‘डॉट-एन्व्ह’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये असतं. नवा माणूस आला की ती फाइल सर्रास व्हॉट्सॲपवर टाकली जाते. हे थांबायलाच हवं.

कोडसोबत फक्त नमुना ठेवावा: ‘डीबी_पासवर्ड=’, पुढे कोरं. काय काय लागतं ते सगळ्यांना कळतं. खरी मूल्यं सिक्रेट मॅनेजरमध्ये, म्हणजे अशी गुपितं जपणाऱ्या सेवेत, कुलूपबंद राहतात. परवानगी असेल त्यालाच मिळतात आणि कोणी कधी घेतली याची नोंद राहते.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये चुकून गेलेली किल्ली, फाइल पुसली तरी जात नाही; जुन्या नोंदींत ती शाबूत असते. ती ताबडतोब रद्द करून नवी घ्यावी. २०१६ मध्ये उबरच्या खासगी गिटहब कोडमध्ये चोरांना क्लाउडची किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

चाचणीच्या आणि प्रत्यक्ष वापराच्या किल्ल्या वेगळ्याच हव्यात. शेतकऱ्यांच्या खऱ्या नोंदी उघडणारी किल्ली प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर असायचं कारणच नाही, मग तो मोर्शीत बसलेला असो की पुण्यात.