गहू बाधतो म्हणजे काय?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की घरातले वडीलधारे म्हणतात, ‘पित्त उठलं.’ आमसुलाचे पाणी चोळले जाते, काही तासांत गांधी विरतात आणि विषय तिथेच संपतो. माझ्या पुतण्याच्या बाबतीत वर्षभर हेच चालले. एका दिवाळीत मात्र शंकरपाळे खाऊन तो खेळायला पळाला आणि अर्ध्या तासात ओठ सुजवून, धापा टाकत परतला. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते मी वाचत आलो.

आमचा मुलूख ज्वारीचा. गहू सणावाराचा, पुरणपोळीचा. आता तो रोजच्या ताटात आहे, आणि रोजच्या अन्नावर संशय सहसा जात नाही.

अॅलर्जीत शरीर गव्हातल्या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ती १९६६ साली ओळखली. लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात: गांधी, ओठ-पापण्यांना सूज, उलटी, पोटात कळ, शिंका, धाप. म्हणून ‘काय खाल्ले’ याइतकाच ‘किती वेळाने झाले’ हा प्रश्न महत्त्वाचा. काहींना नुसत्या पोळीने काहीच होत नाही. पोळीनंतर लगेच धावपळ किंवा शेतातले कष्ट झाले तरच त्रास उसळतो. पुतण्याचे कोडे इथे सुटले. पिठाच्या धुळीने छाती भरणे हे आणखी वेगळे रूप. इटलीच्या रामाझिनीने पीठ हाताळणाऱ्यांचा हा विकार १७०० सालीच नोंदवला होता.

सिलिअॅक हा मात्र निराळा आजार. त्यात ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर हळूहळू झिजते. जुलाब, रक्तक्षय, मुलाची खुंटलेली वाढ ही त्याची चिन्हे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या उपासमारीत पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी मुले सुधारलेली दिसली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने गव्हाशी असलेला संबंध सिद्ध केला. सिलिअॅकची शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नये, नाहीतर अहवाल खोटाच निर्दोष येऊ शकतो. अॅलर्जीची परीक्षा त्वचेवर टोचून आणि रक्तातून होते. पण निदान ठरते ते खाण्याचा आणि त्रासाचा वृत्तांत जुळल्यावरच.

गहू लपतोही. रवा, मैदा, शेवया आपण ओळखतो. पण बाजारच्या खड्याच्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे पोह्यांचा चिवडाही निर्धोक असेलच असे नाही. पुडीवरचा मजकूर वाचावा.

आमच्या घरी आता फराळात तांदळाचे अनारसे आणि बेसनाचे लाडू असतात. आमसूलही असते. पण आवाज घोगरा झाला, श्वास अडकला, भोवळ आली तर आमसूल शोधत बसायचे नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. अशा वेळी मांडीत दिलेले अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. थेट दवाखाना गाठायचा, आणि काय खाल्ले, किती वाजता, हे डॉक्टरांना आधी सांगायचे.