वृद्धांचा तोल आणि सुखतळा

उतारवयात माणूस पडतो तो पायांत बळ उरले नाही म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. तोल राखण्यासाठी मेंदूला डोळे, कानाचा आतील भाग आणि पाय यांच्याकडून सतत खबर लागते. वयोमानाने तळव्यांची संवेदना मंदावते. दिवसा डोळे ती उणीव भरून काढतात; रात्री वीज गेली की तो आधारही सुटतो आणि पाऊल चुकते.

येथे बुटातील सुखतळा उपयोगी पडू शकतो. कॅनडातील संशोधकांनी कडेला किंचित उंचवटा असलेला सुखतळा तयार केला. शरीर एका बाजूस झुकले की हा उंचवटा तळव्यावर दाबतो आणि मेंदू सावध होतो. ६५ ते ७५ वयाच्या ४० व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी घेतली असता चालतानाचा तोल सुधारलेला दिसला. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

मात्र हा उपाय सरसकट सर्वांसाठी नाही. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तळवे बधिर झाले असतील, तर असा उंचवटा नकळत जखम करू शकतो. अशांना मऊ एम.सी.आर. रबराच्या चपला देतात. त्यांचा हेतू दाब सर्वत्र सारखा वाटून तळवा वाचविणे हा असतो.

म्हणून सुखतळा घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून तळव्यांची संवेदना तपासून घ्यावी. आपल्या सेलूत घरोघरी दिसणाऱ्या सैल, झिजलेल्या स्लिपरमध्ये कोणताही सुखतळा टिकणार नाही. वडीलधाऱ्यांना आधी मागे पट्टा असलेले, पायात घट्ट बसणारे पायताण आणून द्यावे.