उसातले रात्रीचे पाहुणे



विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे उसाला पाणी द्यायला मध्यरात्रीच जावे लागते. बॅटरीच्या उजेडात सरीत दोन डोळे चमकतात, पाचट खसखसते आणि आपला हात दगडाकडे जातो. दगड उचलण्याआधी समोर कोण आहे हे ओळखता यावे, म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

गुरुकुंज मोझरीच्या शिवारात कपाशी, तूर आणि संत्रा जास्त, ऊस मोजकाच. तूर निघाली, पऱ्हाट्या उपटल्या की शिवार उघडे पडते. मग सावली, ओल आणि लपण उरते ते उसातच. नाल्याकाठची आणि रानातली जनावरे तिकडे वळली तर नवल काय?

त्यांचे डोळे चमकतात, कारण बुबुळामागे आत उजेड परतवणारा एक पडदा असतो. त्यामुळे थोड्याशा चांदण्यातही त्यांना वाट दिसते.

सायाळ काटे फेकून मारते, हा समज खोटा आहे बरं का! काटे म्हणजे राठ झालेले केसच. संकट आले की ती ते फुलवते, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवते आणि उलटी धावून ते शत्रूच्या अंगात रुतवते. दिवसा ती बिळात असते. उसाचे बूड कुरतडणारी हीच.

कोल्हा उसाची कांडी चघळून नुकसान करतो हे खरे. पण उंदीर खातो, मेलेले जनावर साफ करतो आणि बोरांच्या बिया रानभर पसरवतो. मिळेल त्यावर भागवणे हेच त्याचे बळ.

तिसरे बाऊल, म्हणजे रानमांजर. हे उसाला तोंडही लावत नाही. राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासात एक बाऊल दिवसाला ३ ते ५ उंदीर खाते असा अंदाज निघाला. म्हणजे वर्षाला हजाराहून अधिक! उंदरांनी उसाचे काय होते ते आपणांस सांगायला नको.

सायाळीसाठी ठेवलेले विष बाऊल आणि कोल्हाही खातात. मग उंदरांना रान मोकळे. कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट तर जनावर आणि माणूस ओळखत नाही. पाणी द्यायला आलेला शेजारीही त्यात जाऊ शकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जनावरांची शिकार गुन्हा आहे.

तेव्हा बांधावरची झुडपे साफ ठेवावी, बिळे कुठे आहेत ते पाहावे, रात्री राखण करावी. तोडणी एका बाजूने सुरू करून दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चोहीकडून पेटवू नये. पाचटात पिल्ले दिसली तर टोळीला थांबवावे. पिल्ले बिबट्याची आहेत अशी शंका आली तर लांब राहून वन खात्याला कळवावे. बाऊलाची असली तर हात न लावता तेवढा तुकडा रात्रीपुरता सोडावा. आई अंधारात येऊन एकेक पिल्लू उचलून नेते.

एका रात्रीची तोडणी थांबल्याने टनेज बुडत नाही. उंदीर खाणारी राखणदार मात्र वाचते.