व्यवसाय पर्यावरण विश्लेषण

उद्योगसंस्थेच्या भोवतालची बदलती परिस्थिती आणि संस्थेची स्वतःची कुवत यांचा एकत्र अभ्यास करून तिच्या दीर्घकालीन धोरणाची दिशा ठरविण्याची पद्धत. येथे ‘पर्यावरण’ ही संज्ञा निसर्गापुरती मर्यादित नाही. कायदे, शासकीय धोरण, बाजारपेठ, प्रतिस्पर्धी, तंत्रविद्या, लोकांच्या सवयी, पतपुरवठा, कामगारांची उपलब्धता इ. ज्या गोष्टींचा संस्थेच्या भवितव्यावर परिणाम होतो, त्या सर्वांचा तीत समावेश होतो. यांपैकी संस्थेच्या नियंत्रणाबाहेरील घटकांना बाह्य पर्यावरण म्हणतात. संस्थेजवळील यंत्रसामग्री, भांडवल, कर्मचाऱ्यांचे कौशल्य, विक्रीची यंत्रणा, नावलौकिक आणि निर्णय घेण्याची रीत यांचे मिळून अंतर्गत पर्यावरण बनते. विवेचनाच्या सोयीसाठी हे दोन भाग वेगळे करतात. प्रत्यक्षात एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून लागत नाही.

व्यापारी पूर्वीपासून पाऊसपाणी, जकात, लढाया आणि भाव यांचा अंदाज घेत आले आहेत. त्या अंदाजाला शास्त्राचे रूप मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. एडिथ पेनरोज यांनी १९५९ मध्ये उद्योगसंस्था म्हणजे साधनसंपत्तीचा एक संच होय, अशी मांडणी केली. आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या इतिहासावरून धोरण आणि संघटना यांचा संबंध दाखविला. फ्रान्सिस अ‍ॅग्विलार यांचा बाह्य पर्यावरणाच्या टेहळणीवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक, तांत्रिक, राजकीय व सामाजिक हे त्यातील वर्गीकरण थोड्याफार फरकाने आजही वापरतात. मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये एखाद्या उद्योगातील नफ्याचे प्रमाण पाच शक्तींवर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले : विद्यमान स्पर्धकांमधील चुरस, नव्याने येऊ पाहणारे स्पर्धक, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि ग्राहक. जे बार्नी यांनी १९९१ मध्ये भर दिला तो अंतर्गत बाजूवर. जे साधन मोलाचे, दुर्मीळ व इतरांना सहज अनुकरण करता न येणारे आहे, तेच टिकाऊ लाभ देते, हे त्यांचे सूत्र आहे. सामर्थ्ये, दुर्बलता, संधी आणि धोके यांचा चार घरांचा तक्ता सर्वांत लोकप्रिय असला, तरी त्याची उपयुक्तता बेताचीच आहे. तो यादी करण्यास शिकवितो; घरांतील नोंदींचा परस्परसंबंध शोधण्याचे काम तो वापरणाऱ्यावरच सोडतो.

हा परस्परसंबंध समजून घेण्यास पुणे शहर व त्याच्या परिसरातील उद्योगांचा इतिहास विशेष सोयीचा आहे. मराठा चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १९३४ मध्ये झाली, तेव्हा पुण्याची ओळख प्रामुख्याने पेन्शनर, शिक्षणसंस्था आणि लष्करी छावणी यांचे शहर अशी होती. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि १८५४ पासूनची अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा यांमुळे यंत्रकामाची जाण येथे आधीच होती. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये खडकीस उभी राहिली आणि हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये पिंपरीस स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरी या पट्ट्यात आखीव भूखंड, रस्ते व पाणी मिळू लागले. मुंबईचे बंदर व बाजारपेठ रेल्वेने काही तासांवर होती आणि जमीन तेथल्या मानाने स्वस्त होती. ही बाह्य अनुकूलता सर्वांना सारखीच उपलब्ध होती. तरीही त्याच पट्ट्यातील शेजारी कारखान्यांची वाटचाल पुढे अगदी भिन्न दिशांना झाली.

आकुर्डी येथील बजाज ऑटो हे यांतील सर्वांत बोलके उदाहरण होय. मूळ कंपनी १९४५ मध्ये व्यापारी संस्था म्हणून स्थापन झाली. दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना तिला १९५९ मध्ये मिळाला व इटलीच्या प्याज्जो कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले. हा सहकार्य करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ ही स्कूटर बाजारात आली. पुढील दीड दशक मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने स्कूटर म्हणजे चेतक, असे जवळजवळ समीकरणच होते. नाव नोंदवून काही वेळा दहा वर्षांपर्यंत वाट पाहावी लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यास ती लवकर मिळत असल्याने परदेशस्थ नातेवाईकाचा भावही त्या काळात वधारला होता.

त्या काळात चार घरांचा तक्ता भरला असता, तर ही प्रतीक्षायादी सामर्थ्याच्या घरात गेली असती. तिच्या मुळाशी दोन निरनिराळी कारणे होती. पहिले कारण अंतर्गत होते : दणकट व दुरुस्तीस सोपी रचना, कमी उत्पादनखर्च, देशभर पसरलेले विक्रेते आणि राहुल बजाज (१९३८–२०२२) यांचे खर्चावर बारीक लक्ष ठेवणारे नेतृत्व. दुसरे कारण संपूर्णपणे बाह्य होते. १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन अधिनियमानुसार उत्पादनक्षमता परवान्याने ठरे. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमामुळे मोठ्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी स्वतंत्र मंजुरी लागे. आयातीवर कडक बंधने होती. म्हणजे ज्या कायद्याने कंपनीचे हात बांधले होते, त्यानेच प्रतिस्पर्ध्यांना दाराबाहेर ठेवले होते. ग्राहक रांगेत उभा होता, तो काही अंशी चेतकच्या गुणांमुळे आणि काही अंशी दुसरे दुकानच नसल्यामुळे. यांतील कोणत्या अंशाचे प्रमाण किती, हे रांगेच्या लांबीवरून कळत नाही. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत विक्रीचे आकडे ग्राहकाच्या आवडीनिवडीबद्दल फार थोडे सांगतात.

१९८० नंतर सरकारने लहान क्षमतेच्या दुचाकींसाठी परदेशी तांत्रिक सहकार्यास वाट करून दिली. पुण्याच्याच फिरोदिया समूहातील कायनेटिकने होंडाशी हातमिळवणी करून गिअर नसलेली स्कूटर आणली. हीरो होंडाची १०० घनसेंमी., फोर-स्ट्रोक मोटरसायकल १९८५ मध्ये बाजारात आली. एक लिटर पेट्रोलमध्ये ती स्कूटरच्या मानाने पुष्कळच अधिक अंतर तोडी. बजाज ऑटोनेही कावासाकीशी सहकार्य करून १९८६ मध्ये मोटरसायकल काढली. ती टू-स्ट्रोक होती. यावरून बदलाची चाहूल कंपनीला लागली नव्हती, असे म्हणता येत नाही. टेहळणी झाली होती. प्रश्न होता तो टिपलेल्या खुणांना किती वजन द्यावयाचे, हा. स्कूटरची मागणी चढती असताना आणि कारखाना पूर्ण क्षमतेने चालू असताना दूरच्या खुणेसाठी भांडवल व उत्तम अभियंते वळविणे कोणत्याही संचालक मंडळास जड जाते.

२४ जुलै १९९१ रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांतील परवाना पद्धती संपुष्टात आली. धुराविषयीचे निकष १९९१, १९९६ व २००० या वर्षी टप्प्याटप्प्याने कडक झाले, त्यामुळे टू-स्ट्रोक एंजिन अडचणीत आले. ग्रामीण भागातील उत्पन्न वाढले आणि खडबडीत रस्त्यांवर मोठ्या चाकांची मोटरसायकल अधिक सोयीची ठरली. कर्जाऊ खरेदी सुलभ झाली. यांतील कोणताही एक घटक स्कूटरला मागे सारण्यास पुरेसा नव्हता. ते सर्व एकाच दिशेने वळले, हे निर्णायक ठरले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस देशातील मोटरसायकलींची विक्री स्कूटरच्या पुढे गेली आणि दुचाकींतील पहिले स्थान हीरो होंडाकडे गेले.

सावरण्यासाठी कंपनीने अंतर्गत बाजूकडे पाहिले. चाकण येथे नवा कारखाना उभारण्यात आला, संशोधन विभागात स्वतःची एंजिने घडविण्यात आली आणि २००१ मध्ये ‘पल्सर’ मोटरसायकल आली. आकुर्डीतील वाहनउत्पादन २००७ मध्ये थांबविण्यात आले. त्याचे सामाजिक मोल लहान नव्हते. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर आजूबाजूच्या वसाहतींचा दिवस चाले, त्यातील कामगारांना ‘व्यूहात्मक पुनर्रचना’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने कळला. व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत या बाजूला सहसा एखादा परिच्छेदही मिळत नाही. स्कूटरचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय कंपनीने २००९ मध्ये जाहीर केला. मोटरसायकल व निर्यात यांवर लक्ष एकवटल्याने तिची आर्थिक स्थिती भक्कम झाली, हे खरे. परंतु त्यानंतरच्या दशकात गिअर नसलेल्या स्कूटरने देशातील दुचाकी बाजारपेठेचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापला. बाह्य पर्यावरण एकदा ओळखले म्हणजे काम संपले, असे होत नाही, याची ही दुसरी प्रचिती होय.

मुंढवा येथील भारत फोर्ज या कंपनीची (स्थापना १९६१) वाट निराळी आहे. ट्रक उद्योगाला लागणारे क्रँकशाफ्ट, अ‍ॅक्सल यांसारखे घडीव भाग पुरविणाऱ्या या कंपनीचे नशीब देशांतर्गत ट्रकविक्रीशी बांधलेले होते, म्हणजेच पोर्टर यांच्या परिभाषेत ग्राहकशक्ती प्रबळ होती. हातोड्यावरील श्रमप्रधान पद्धतीऐवजी स्वयंचलित दाबयंत्रांचा मार्ग कंपनीने उदारीकरणाच्या सुमारास स्वीकारला. सुरुवातीला ही क्षमता देशातील मागणीच्या मानाने अवाजवी वाटण्याजोगी होती. पुढे तीच निर्यातीचा आधार बनली आणि २००३-०४ मध्ये कंपनीने जर्मनीतील एक जुनी घडाई कंपनी विकत घेतली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सजवळ शास्त्रज्ञ होते, ‘हॅमायसीन’सारखे स्वतःचे संशोधन होते आणि सार्वजनिक आरोग्यात मोलाची कामगिरी होती. औषधांच्या किंमतींवरील नियंत्रण आणि पुढे खुली झालेली आयात या दोहोंच्या कात्रीत ती सापडली व १९९७ मध्ये आजारी उद्योगांत तिची गणना झाली. सरकारी मालकीमुळे बदल करण्याचे स्वातंत्र्यच मर्यादित असल्याने तिचे अपयश केवळ विश्लेषणाच्या अभावाचे मानणे अन्यायाचे होईल.

म्हणून अंतर्गत विश्लेषण करताना प्रत्येक सामर्थ्याविषयी एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो : भोवतालची परिस्थिती पालटली, तरी ते उरेल काय? परवान्याने, आयातकराने किंवा टंचाईने दिलेले सामर्थ्य हे वस्तुतः उसने असते. ताळेबंदात ते निराळे दाखविलेले नसते. विक्रेत्याच्या गल्ल्यावर, दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये व सुट्या भागांच्या दुकानात त्याचा अंदाज पुष्कळदा मुख्य कार्यालयाच्या आधी येतो.

बाह्य पर्यावरण नेहमी निमूटपणे स्वीकारावेच लागते, असेही नाही. राहुल बजाज यांच्यासह काही उद्योगपतींनी १९९३ मध्ये परदेशी कंपन्यांशी समान अटींवर स्पर्धेची मागणी केली. ‘बाँबे क्लब’ या नावाने ती मंडळी ओळखली गेली. त्यांच्या भूमिकेवर संरक्षणवादाची टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. याहून विधायक उदाहरण २००६ चे आहे. राज्यात विजेची तीव्र टंचाई असताना पुण्यातील कारखान्यांनी आपली जनित्रे चालवून वाचलेली वीज शहराला उपलब्ध करून दिली व वाढीव खर्च ग्राहकांकडून अल्प अधिभाराच्या रूपाने भरून निघाला. ‘पुणे प्रारूप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या व्यवस्थेत उद्योग, वीजवितरण कंपनी, नागरी संघटना आणि नियामक आयोग यांचा सहभाग होता. एकट्या कारखान्याला जी अडचण बाह्य होती, ती शहराच्या पातळीवर काही काळ तरी सोडविता आली.

चेतक हे नाव २०२० च्या प्रारंभी विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने पुन्हा बाजारात आले. आरंभीची विक्री पुणे व बंगळुरू या दोन शहरांपुरती होती. जून २०२२ मध्ये आकुर्डी येथे तिच्यासाठी स्वतंत्र कारखाना सुरू झाला. या वेळी प्रतिस्पर्ध्यांत वाहनउद्योगाची पूर्वपरंपरा नसलेल्या नव्या कंपन्या आहेत. अनुदानाचे नियम थोड्या थोड्या काळाने बदलत आले आहेत आणि पुरवठादारांची शक्ती पूर्वी कधी नव्हती एवढी वाढली आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा मोटरसाठी लागणाऱ्या त्या लहानशा भागावाचून त्याच वर्षी चेतकचे उत्पादन काही काळ घटवावे लागले.