क्रिएटिनिनचा आकडा आणि हृदयाचा धोका

क्रिएटिनिन हे रक्तातले एक टाकाऊ द्रव्य. स्नायूंमधल्या क्रिएटिनपासून ते रोज जवळपास ठरावीक प्रमाणात तयार होते, रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तातले त्याचे प्रमाण चढू लागते. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत हा शब्द दवाखान्यापुरता राहिलेला नाही. ‘क्रिएटिनिन किती आलं?’ हा प्रश्न तिथे घराच्या ओसरीवरही विचारला जातो. पण त्यामागची काळजी असते ती किडनीची आणि डायलिसिसची. हाच आकडा हृदयविकाराच्या धोक्याविषयीही सांगतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. जुनाट मूत्रपिंडविकार झालेल्या बहुतेक रुग्णांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. त्याआधीच मृत्यू येण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत अधिक असते, आणि त्या मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा फार मोठा असतो.

हे तालुके खारपाणपट्ट्यात मोडतात. तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, खोल गाळाची आणि विहिरी-बोअरचे पाणी खारे. वान धरणाच्या पाण्यावरची १४० गाव पाणीपुरवठा योजना संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी आखली गेली, ती या खाऱ्या पाण्यावरचा उपाय म्हणूनच.

इथले लोक किडनीच्या आजाराचा दोष थेट पाण्याला देतात. एकट्या पाण्यावर बोट ठेवता येईल इतका पक्का पुरावा मात्र नाही. आंध्र प्रदेशातील उद्दानम आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग या ठिकाणीही शेतकरी-मजुरांत असाच आजार दिसतो, आणि तिथेही कारणांचा वाद मिटलेला नाही. उन्हातली कष्टाची कामे, त्या वेळी कमी पडणारे पाणी, अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, दुर्लक्षित मधुमेह आणि रक्तदाब या सगळ्यांचा हिशेब मांडावा लागतो. एक गोष्ट मात्र निश्चित आहे. शरीरात जाणारे सोडियम वाढले की रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड व हृदय या दोघांनाही पोखरतो.

क्रिएटिनिनचा नुसता आकडा फसवा असतो. प्रयोगशाळेच्या कागदावर पुरुषांसाठी डेसिलिटरमागे साधारण १.३ मिलिग्रॅमपर्यंतची पातळी ठीक मानलेली असते. समजा, तीस वर्षांच्या धडधाकट पुरुषाचे आणि पासष्ट वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन सारखेच, म्हणजे १.२ आले. वय आणि लिंग धरून मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग काढण्याचे २०२१ चे सूत्र लावले, तर पुरुषाचा वेग मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर येतो आणि बाईचा सुमारे ५०. या वेगालाच रिपोर्टात ईजीएफआर म्हणतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर जुनाट मूत्रपिंडविकार धरला जातो. म्हणजे एकाच आकड्याची दोन माणसे, आणि त्यांतले एक आजारी असण्याची शक्यता. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्यामुळे वयाने वाळलेल्या किंवा पोटभर न खाणाऱ्या शेतमजुराच्या रक्तात ते मुळातच कमी असते. अशा माणसाची मूत्रपिंडे बरीच खराब होऊनही कागद ‘नॉर्मल’ म्हणतो. एरवीही गाळण्याची निम्मी ताकद गेल्यावरच हा आकडा ठळकपणे वर सरकतो. त्यामुळे नुसते क्रिएटिनिन लिहून ईजीएफआर न देणारा रिपोर्ट अर्धवटच म्हणायला हवा.

हृदयाशी असलेला संबंध २००४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने ठळक केला. कॅलिफोर्नियातील ११ लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. ईजीएफआर ६० किंवा त्याहून अधिक असलेल्यांच्या तुलनेत ४५ ते ५९ च्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका १.४ पट, ३० ते ४४ मध्ये दुप्पट, १५ ते २९ मध्ये २.८ पट आणि १५ च्या खाली ३.४ पट आढळला. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढल्यावरचे हे आकडे आहेत. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल तर धोका आणखी वाढतो, आणि कधी कधी ईजीएफआर चांगला असतानाही ते जाऊ लागलेले असते.

याची कारणे शरीरातच सापडतात. मूत्रपिंड मीठ आणि पाणी बाहेर टाकू शकले नाही की रक्ताचे आकारमान आणि दाब वाढतो. त्या दाबाविरुद्ध रोज झटणाऱ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडते आणि हिमोग्लोबिन उतरते, म्हणून तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला अधिक राबावे लागते. फॉस्फेट साचल्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना बसतो आणि त्या कडक होतात. पोटॅशियम वाढले तर ठोक्यांची लय बिघडते, ती अचानक मृत्यू ओढवेपर्यंत.

क्रिएटिनिनची उणीव भरून काढणारे दुसरे द्रव्य म्हणजे सिस्टॅटिन-सी. ते स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. ज्येष्ठ नागरिकांवरच्या २००५ च्या अमेरिकी अभ्यासात मृत्यूचा आणि हृदयविकाराचा अंदाज बांधताना ते क्रिएटिनिनपेक्षा सरस ठरले. २००८ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे सरासरी ७१ वर्षे वयाच्या १,१३५ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार द्रव्ये एकत्र मोजली गेली: हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे ट्रोपोनिन, हृदयावर ताण आल्याचे सांगणारे एनटी-प्रोबीएनपी, मूत्रपिंडाचे सिस्टॅटिन-सी आणि दाहाचे सीआरपी. हृदयविकाराने मृत्यू येण्याच्या अंदाजाची अचूकता वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांवरून ०.६६ होती, ही चार द्रव्ये जोडल्यावर ती ०.७७ झाली. या मापात ०.५ म्हणजे निव्वळ अंदाजपंचे आणि १ म्हणजे बिनचूक. मात्र हे सगळे म्हातारे पुरुष होते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील ३,२०९ जणांच्या २००६ च्या अभ्यासात दहा द्रव्ये मोजूनही नेहमीच्या हिशेबात किरकोळच भर पडली. म्हणून महागड्या ‘हार्ट पॅकेज’मधल्या तपासण्या सरसकट सगळ्यांनी करून घ्याव्यात, असे म्हणता येत नाही.

किडनीच्या रुग्णात या तपासण्या वाचताना जपावे लागते. त्यांच्या रक्तात ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी एरवीही चढलेले असू शकते. छातीत दुखून आलेल्या अशा रुग्णात एका ट्रोपोनिनवरून निदान होत नाही. काही तासांनी तपासणी पुन्हा करून आकडा चढतो-उतरतो का ते पाहतात आणि ईसीजीशी ताडून बघतात. डॉक्टरकडे जाताना जुने रिपोर्ट सोबत नेण्याला यामुळेच मोल आहे. दुसरीकडे, कायम चढलेले ट्रोपोनिन ‘किडनीमुळे असेल’ म्हणून झटकून टाकण्यासारखेही नसते. त्या रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण खरोखरच अधिक असते.

खारपाणपट्ट्यातल्या माणसासाठी पहिल्या तपासण्या स्वस्त आणि साध्या आहेत: रक्तदाब, साखर, ईजीएफआरसह क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, लिपिड आणि लघवीतले अल्ब्युमिन. प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतलेले नमुने महालॅब या प्रयोगशाळा-सेवेकडे जातात आणि त्यातल्या अनेक तपासण्या मोफत होतात. लघवीतले अल्ब्युमिन मात्र अनेकदा राहून जाते, ते आवर्जून मागावे लागते. घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल तर लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते, कारण ते जवळपास पूर्णपणे आनुवंशिक असते.

आकडा बिघडलेला निघाला तरी हातात उपाय आहेत. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांनी झटका व पक्षाघातासारख्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०११ च्या ‘शार्प’ चाचणीत दिसले. डॅपाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहासाठी आलेल्या औषधाने २०२० च्या चाचणीत, मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडरुग्णांतही, मूत्रपिंड निकामी होण्याचा वेग मंदावला; हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणे २९ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी भारतातले त्याचे मूळ पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी लघवीतले प्रथिन रोखणाऱ्या गोळ्या अशा रुग्णांना प्राधान्याने दिल्या जातात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे चढते, पोटॅशियमही वाढू शकते, म्हणून एक-दोन आठवड्यांत रक्त पुन्हा तपासतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा माणसाने टाळायच्या असतात, कारण त्या मूत्रपिंड आणि हृदय दोघांनाही बाधतात.